गाजली मिनी, जिंकली प्रीमुला

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत मागच्या सीटवर मधोमध बसणाऱ्याची पंचाईत ठरलेली असायची. पाय ठेवायच्या जागीच उंचवटा. मग एक पाय अलीकडे, एक पलीकडे, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांच्या चपलांशी झटापट. त्या उंचवट्याखालून प्रॉपेलर शाफ्ट जायचा. इंजिन पुढे, गाडी ढकलणारी चाकं मागे, आणि इंजिनाची ताकद तिथवर न्यायला गाडीच्या पोटाखालून फिरणारा लांबलचक पोलादी दांडा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. पद्मिनीपेक्षा ती हातभर आखूड, तरी आत चौघं बऱ्यापैकी मोकळी बसत, कारण तिच्या पोटाखाली दांडाच नव्हता. इंजिन, गिअरबॉक्स, वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल, सगळं बॉनेटखाली, आणि गाडी ओढायचं काम पुढच्या चाकांकडे.

आज आपल्याकडच्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्या अशाच असतात. इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत, त्याच्या एका टोकाला गिअरबॉक्स, आणि दोन्ही बाजूंना निघून पुढच्या चाकांत शिरणारे दोन ड्राइव्ह शाफ्ट. ही मांडणी इतकी सरावाची झाली आहे की तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. पण ती जुळून यायला मोटारीचं अर्धंअधिक शतक खर्ची पडलं. तिचं श्रेय बहुतेक वेळा ब्रिटिश मिनीला दिलं जातं. मिनी मला मनापासून आवडते, तिच्याइतकं धाडस फार थोड्या गाड्यांनी दाखवलं आहे, तरीही हे श्रेय अर्धंच खरं आहे असं माझं मत आहे. आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीची मांडणी मिनीची नाही. ती मिनीनंतर पाच वर्षांनी इटलीत आली, फारसा गाजावाजा न होता, ऑटोबियांकी प्रीमुला नावाच्या गाडीतून.

पुढच्या चाकांना ताकद द्यायची कल्पना तशी मोटारीहूनही जुनी आहे. तोफा ओढण्यासाठी फ्रान्सच्या निकोला क्युन्योने १७६९-७० च्या सुमारास वाफेवर चालणारं तीनचाकी वाहन बनवलं, त्यात पुढचं एकुलतं एक चाकच इंजिनाने फिरायचं. अमेरिकेच्या जे. वॉल्टर ख्रिस्टीने पुढची चाकं ओढणारी रेसिंग कार १९०७ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत उतरवली होती. कल्पना सुचणं अवघड नव्हतं. घोडं अडत होतं ते एका सांध्यापाशी.

मागच्या चाकांचं काम सोपं असतं. ती फक्त फिरतात, फार तर वरखाली होतात. पुढच्या चाकाला फिरायचं असतं, खड्ड्यात वरखाली व्हायचं असतं आणि वळायचंही असतं, तेही ३०-३५ अंशांपर्यंत. फिरता शाफ्ट इतका वाकवून ताकद पुढे कशी न्यायची? सोळाव्या-सतराव्या शतकापासून माहीत असलेला एक सांधा होता. कार्दानो आणि हूक यांच्या नावाने ओळखला जाणारा, आपल्याकडच्या गॅरेजात ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तोच. दोन चिमटे आणि त्यांच्या मधे अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. ट्रकखाली वाकून पाहिलंत तर प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना तो दिसेल.

या क्रॉसमध्ये एक खोट आहे आणि ती गणिताचीच असल्यामुळे कितीही चांगलं पोलाद वापरलं तरी जात नाही. सांधा वाकलेला असला की एका बाजूचा शाफ्ट अगदी एकसारख्या वेगाने फिरला तरी दुसऱ्या बाजूचा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. १० अंश वाकवला तर हा फरक दीड टक्क्याचा, म्हणजे जाणवणारही नाही. पण ३० अंश वाकवला की बाहेरचा वेग मूळ वेगाच्या ८७ टक्क्यांपासून ११५ टक्क्यांपर्यंत हेलकावे खातो. छोट्या गाडीचं चाक ताशी ४० किलोमीटरला सेकंदाला साधारण साडेसहा फेरे घेतं. म्हणजे त्या वेगाने वळणावर सेकंदाला १३ हिसके. ते स्टिअरिंगमधून हाताला बसतात, टायरला बसतात, गिअरच्या दात्यांना बसतात. प्रॉपेलर शाफ्टवर दोन क्रॉस असतात आणि दोन्ही सारख्याच कोनात वाकतात, त्यामुळे एकाचा हिसका दुसरा परत फेडतो. पुढच्या चाकाजवळ ही सोय नाही. वळताना बाहेरचा सांधा खूप वाकतो, आतला जवळपास सरळच राहतो, मग फेड कोण करणार?

१९२६ च्या सुमारास दोन वेगवेगळ्या देशांत यावर दोन उत्तरं निघाली. फ्रान्समध्ये झां-आल्बेर ग्रेग्वार आणि पिएर फेनाय यांनी त्राक्ता नावाचा सांधा बनवला आणि त्याच नावाच्या गाडीत बसवून १९२७ ची ल मां इथली २४ तासांची शर्यत पूर्ण केली. त्या सांध्यात सगळे भाग एकमेकांवर घासत सरकायचे, त्यामुळे तो तापायचा आणि झिजायचाही. दुसरं उत्तर अमेरिकेतल्या आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याचं. आजही जगभरच्या गाड्यांत चाकाजवळचा सांधा बहुतेक करून झेप्पाचाच असतो.

तो खोलून पाहण्यासारखा आहे. मुठीत मावेल एवढी पोलादी वाटी. तिच्या आतल्या अंगाला सहा वक्र खाचा. वाटीत एक गोळा, त्याच्या बाहेरच्या अंगाला तशाच सहा खाचा. समोरासमोरच्या प्रत्येक दोन खाचांत मिळून एक गोळी, अशा सहा गोळ्या, आणि त्यांना एका पातळीत धरून ठेवणारी जाळीदार कडी. एक शाफ्ट गोळ्याला जोडलेला, दुसरा वाटीला. सांधा वाकला की कडी सहाही गोळ्यांना अशा पातळीत नेते, जी दोन्ही शाफ्टमधला कोन बरोबर निम्म्यावर कापते. सगळी किमया या ‘निम्म्यावर’मध्ये आहे. फुगडी घालताना दोघींच्या हातांची गुंफण बरोबर मधोमध असली की दोघी एकाच लयीत फिरतात, गुंफण एकीच्या बाजूला सरकली की दुसरी भेलकांडते. गोळ्या नेहमी मधोमध राहिल्या की दोन्ही शाफ्टपासूनचं त्यांचं अंतर सारखंच राहतं, म्हणून एक जितका फिरतो तितकाच दुसराही. कोन कितीही असो, हिसका नाही. आजचे असे सांधे ४५ अंशांहून अधिक वाकतात.

कागदावर हे १९२७ पर्यंत सिद्ध झालं होतं. पण त्या वक्र खाचा एकसारख्या कापणं, कठीण करणं, घासून अचूक मापाला आणणं हे त्या काळच्या कारखान्यांना स्वस्तात जमणारं नव्हतं. हे सांधे मोठ्या संख्येने बनायला लागले ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची आणि लष्करी ट्रकची चारही चाकं ओढायची, म्हणून त्यांच्या पुढच्या चाकांनाही हाच प्रश्न होता. जीपमध्ये पुरवठ्यानुसार त्राक्ता, झेप्पा आणि इतर जातींचे सांधे बसत. युद्ध संपलं तेव्हा हे काम कारखान्यांच्या हातात बसलेलं होतं.

त्याआधीही काही जिद्दी लोकांनी पुढच्या चाकांच्या गाड्या विकल्या. जर्मनीत डीकेडब्ल्यूने १९३१ मध्ये एफ-१ ही छोटी, स्वस्त गाडी आणली. तिचं टू-स्ट्रोक इंजिन दोनच सिलिंडरचं, त्यामुळे इतकं आखूड की ते सहज आडवं बसलं. मोटारीच्या इतिहासात या गाडीला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही असं मला नेहमी वाटतं. स्वीडनची साब ९२, पूर्व जर्मनीची त्राबांट आणि आजची आउडी कंपनी, या सगळ्यांचं मूळ थोडंफार तिच्यापर्यंत पोचतं. फ्रान्समध्ये १९३४ साली आंद्रे सिट्रोएनने त्राक्सियों आवां ही मोठी गाडी आणली. सांधे, गिअरबॉक्स, कारखाना, सगळंच नवं एकदम अंगावर घेतल्याने कंपनी दिवाळ्यात गेली, ती मिशलँ टायर कंपनीने ताब्यात घेतली आणि पुढच्याच वर्षी सिट्रोएन वारला. गाडी मात्र १९५७ पर्यंत चालली. त्याच कंपनीने १९४८ मध्ये २सीव्ही आणली. ३७५ सीसीचं, हवेने थंड होणारं दोन सिलिंडरचं इंजिन. शेतकऱ्याने टोपलीत अंडी घेऊन नांगरलेल्या शेतातून न्यावी आणि एकही फुटू नये, ही तिच्याकडून अपेक्षा होती. ती १९९० पर्यंत बनत राहिली.

पण या सगळ्यांत एक कोडं तसंच राहिलं होतं. इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत ठेवलं तर नाक लांब होतं आणि वाचवलेली जागा तिथेच जाते. आडवं ठेवलं तर जागा वाचते, पण मग ते दोन सिलिंडरचं हवं, म्हणजे ताकद बेताची, आणि टू-स्ट्रोक असेल तर धूरही. चार सिलिंडरचं सभ्य इंजिन आडवं बसवायचं तर क्लच आणि गिअरबॉक्स जायचे कुठे? इंजिन, क्लच, गिअरबॉक्स एका ओळीत लावले तर वळणाऱ्या दोन चाकांच्या मधे ते मावत नाहीत.

१९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच झाला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. लोक जर्मन बनावटीच्या बुडबुड्यासारख्या इवल्या तीनचाकी घेऊ लागले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा प्रमुख लेनर्ड लॉर्ड याने ॲलेक इसिगोनिसला सांगितलं की खरीखुरी छोटी गाडी बनव, इंजिन मात्र आपल्याकडे तयार असलेलंच वापर. इसिगोनिस तेव्हाच्या स्मर्ना, म्हणजे आताच्या तुर्कस्तानातल्या इझमिर शहरात जन्मलेला. हाती स्केचबुक, आणि गणितापेक्षा डोळ्यावर अधिक भरवसा. त्याने गाडीची लांबी १० फूट धरली आणि त्यातली बहुतेक जागा माणसांना आणि सामानाला द्यायची ठरवलं. यंत्राच्या वाट्याला उरला पुढचा तुकडा आणि जेमतेम १.४ मीटर रुंदीच्या गाडीत दोन चाकांमधली फट.

त्याने कोड्याला दिलेलं उत्तर असं होतं: गिअरबॉक्स शेजारी मावत नाही ना, मग खाली ठेवा. चार सिलिंडरचं इंजिन आडवं, आणि त्याच्या तळाशी जिथे ऑइलचं भांडं असतं त्या भांड्यातच गिअरबॉक्स. इंजिनाच्या टोकाला क्लच, तिथून मधल्या दोन-तीन गिअरांमधून ताकद खाली उतरते, गिअरबॉक्समधून जाते आणि मागे डिफरन्शियलला मिळते. इंजिन आणि गिअर दोन्ही एकाच ऑइलमध्ये न्हातात. चाकं १० इंचांची, त्यांच्यासाठी डनलॉपला वेगळे टायर बनवावे लागले. स्प्रिंगच्या जागी ॲलेक्स मोल्टनने घडवलेले रबराचे शंकू. आणि चाकाजवळ झेप्पाचे सांधे. सुरळीत चालणारे, परवडणारे सांधे हाती आले होते म्हणूनच बाकीचं सगळं शक्य झालं. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी जाहीर झाली, किंमत ५०० पौंडांच्या आत. पुढे तिने माँटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकली. २००० साली शेवटची जुनी मिनी कारखान्यातून निघाली तोवर एकूण ५३ लाखांहून अधिक बनल्या होत्या.

तिच्या पहिल्या वर्षांतल्या एका दुखण्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण छोट्या जागेत यंत्र कोंबताना काय होतं ते त्यातून कळतं. सुरुवातीच्या नमुन्यांत कार्ब्युरेटर पुढच्या बाजूला होता आणि थंडीत त्यात बर्फ धरायचं. म्हणून सगळं इंजिन अर्धा फेरा फिरवून कार्ब्युरेटर मागे नेला. पण त्याबरोबर प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणारा इग्निशनचा डिस्ट्रिब्यूटर पुढे, थेट जाळीमागे आला. पहिल्याच जोरदार पावसात जाळीतून पाणी आत शिरलं आणि गाड्या वाटेत बंद पडू लागल्या. एक वस्तू हलवली की दुसरी उघड्यावर येते, इतकी ती मांडणी घट्ट होती.

ऑइलचा प्रश्न मात्र असा अर्धा फेरा फिरवून सुटणारा नव्हता. इंजिनाच्या ऑइलला काजळी, उष्णता आणि ज्वलनातून येणारं आम्ल सोसायचं असतं. गिअरच्या ऑइलवर दोन दात्यांमधला प्रचंड दाब येतो, आणि ते दाते ऑइलच्या लांब रेणूंचे तुकडे करतात. एकच ऑइल दोन्हीकडे वापरलं की ते लवकर पातळ होतं आणि गिअरच्या घर्षणातून निघालेला पोलादाचा कीस इंजिनाच्याच भांड्यात पडतो. त्यात ताकद खाली उतरवणाऱ्या जादा गिअरांचा कायमचा सूर, आणि इंजिनाची वाढलेली उंची. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच जुडग्यात, म्हणजे यातलं एक बदललं की दुसरंही नव्याने आखणं आलं. रेडिएटरही पुढे नव्हता. आडव्या इंजिनाच्या टोकाला पट्ट्यावर फिरणारा पंखा बाजूलाच तोंड करणार, म्हणून रेडिएटरही बाजूला, चाकाच्या कोनाड्याशी ठेवावा लागला.

इटलीतल्या तूरिनमध्ये दांते जाकोसा हे सगळं नीट बघत होता. जाकोसा हा फियाटचा मोठा अभियंता. १९३६ ची तोपोलिनो, १९५५ ची ६००, १९५७ ची नवी ५००, या सगळ्या त्याच्या. पुढच्या चाकांची गाडी करायची त्याची फार दिवसांची इच्छा होती, पण फियाटमध्ये या विषयाला अपशकुन चिकटला होता. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीचा संस्थापक जोव्हान्नी आन्येल्ली स्वतः पुढच्या चाकांच्या एका प्रायोगिक गाडीत बसलेला असताना तिला आग लागली, आणि तेव्हापासून हा विषयच बंद झाला. १९६० च्या दशकात दार किलकिलं झालं तेही आडून. फियाट, पिरेल्ली आणि बियांकी यांनी मिळून काढलेल्या ऑटोबियांकी या छोट्या कंपनीच्या नावाने गाडी आणायची ठरली. फसली तर फियाटच्या नावाला बट्टा नको.

जाकोसाने कोड्याला साधं उत्तर दिलं: गिअरबॉक्स शेजारीच मावला पाहिजे. त्याने क्लच सोडवणारी यंत्रणा इतकी आटोपशीर केली, गिअरचे शाफ्ट इतके आखूड केले, की चार सिलिंडरचं इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एका ओळीत आडवे बसले. गिअरबॉक्स एका टोकाला आल्यामुळे डिफरन्शियल गाडीच्या मध्यावर राहिलं नाही, ते एका बाजूला सरकलं. मग एक ड्राइव्ह शाफ्ट आखूड आणि दुसरा लांब. ही असमानता त्याने चालवून घेतली. माझ्या मते याच ‘चालवून घेण्या’त प्रीमुलाचं मोठेपण आहे. इसिगोनिसने यंत्र सममित आणि दाट ठेवण्यासाठी ऑइलची तडजोड केली. जाकोसाने सममिती सोडली आणि बाकी सगळं सुटसुटीत ठेवलं. इंजिनाला इंजिनाचं ऑइल, गिअरला गिअरचं. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स बाजूला ओढा. उद्या दुसरं इंजिन बसवायचं तर बसवा, गिअरबॉक्स तोच. गाडी मिनीपेक्षा जवळपास वीतभर रुंद झाली, एवढंच मोल द्यावं लागलं.

१९६४ च्या शेवटी प्रीमुला लोकांसमोर आली. तिच्या बॉनेटखाली आडवं बसलेलं १२२१ सीसीचं इंजिन होतं फियाट ११०० डीचं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणाऱ्या फियाटमध्ये, पुढे जिचं नाव पद्मिनी झालं तिच्यात, याच घराण्यातलं १०८९ सीसीचं इंजिन होतं. मला या इतिहासातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. एकाच कुळातली दोन इंजिनं. कुर्ल्यात ते उभं बसलं, मागे प्रॉपेलर शाफ्ट आणि मधल्या माणसाच्या पायाखाली उंचवटा. इटलीत ते आडवं बसलं आणि गाडीचा तळ सपाट झाला. इंजिन जवळपास तेच, आणि गाडी पुढच्या पिढीची.

प्रयोग यशस्वी झाला आणि १९६९ मध्ये फियाटने हीच मांडणी स्वतःच्या नावाने १२८ या गाडीत आणली. त्यात ऑरेलिओ लाम्प्रेदीने आखलेलं १११६ सीसीचं नवं इंजिन होतं, आणि रेडिएटर पुढे ठेवून त्यावर विजेचा पंखा. पाणी तापलं की पंखा आपोआप सुरू होतो, इंजिनाच्या पट्ट्याशी त्याचा संबंध नाही. आडव्या इंजिनामुळे झालेली पंख्याची अडचणही अशी मिटली. मागच्या इंजिनाच्या बीटलवर वर्षानुवर्षं जगलेल्या फोक्सवॅगनने १९७४ मध्ये गोल्फ आणली, तीही याच मांडणीची. गोल्फचं रूप घडवणारा जॉर्जेत्तो जुजारो सांगतो की तो फोक्सवॅगनच्या गावी, वोल्फ्सबुर्गला गेला तेव्हा तिथे फियाट १२८ सुटी करून मांडलेली होती. होंडा सिव्हिक १९७२ ची, फोर्ड फिएस्टा १९७६ ची. इंजिनाखाली गिअरबॉक्स ठेवायची पद्धत पेजोने आपल्या काही गाड्यांत बराच काळ चालवली, पण हळूहळू तीही मागे पडली.

सुझुकीचा प्रवास थोडा वळणाचा आहे. १९५५ ची त्यांची पहिली मोटार सुझुलाइट पुढच्या चाकांचीच होती, तिच्यासमोर जर्मनीच्या लॉइड गाडीचा नमुना होता. १९६७ च्या फ्रॉन्टेमध्ये इंजिन मागे गेलं. १९७९ मध्ये फ्रॉन्टे आणि तिच्याच जोडीची आल्टो पुन्हा पुढच्या चाकांवर आली, आणि त्या आल्टोची ८०० सीसीची बहीण गुरगावच्या कारखान्यात मारुती ८०० म्हणून उतरली. पहिल्या मारुतीची रुंदी १.४ मीटर, म्हणजे जवळपास मिनीइतकीच. ज्या रुंदीत इसिगोनिसला गिअरबॉक्स खाली ढकलावा लागला, त्याच रुंदीत सुझुकीने तो शेजारी बसवला. कसा? त्यांचं ७९६ सीसीचं इंजिन तीनच सिलिंडरचं होतं. एक सिलिंडर कमी केला, तेवढ्या जागेत गिअरबॉक्स आला. ही गाडी जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती.

मारुती आली तेव्हा आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांना एक शंका असायची: ही ओढणारी गाडी घाटात चढेल का? शंका चुकीची नव्हती. रिकाम्या छोट्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं, कारण सगळं यंत्र तिथेच. सपाट, ओल्या रस्त्यावर हा मोठा फायदा, ओढणारं चाक वजनाने दाबलेलं असतं. पण गाडी चढाला लागली की वजन मागे सरकतं. पाचास एक अशा तीव्र चढावर पुढच्या चाकांवरचा वाटा आणखी पाचेक टक्क्यांनी घटतो. त्यात मागे दोन-तीन माणसं आणि डिकीत तांदळाची पोती भरली तर पुढे निम्म्याहून कमीच वजन उरतं. कोकणात पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या चढावर, घराच्या वाटेवर, चाक जागच्या जागी गरगरतं ते यामुळे. अशा जागी भरलेली पद्मिनी शांतपणे वर जायची, कारण चढावर सरकणारं वजन तिच्या कामाच्या चाकांवरच यायचं. आणि म्हणूनच अडलेली मारुती उलटी वळवून रिव्हर्समध्ये चढवली तर चढते. तेव्हा ओढणारी चाकं उताराच्या बाजूला असतात.

घाटाचा पक्का रस्ता मात्र वेगळा. तिथे चढ इतका तीव्र नसतो, टायरची पकड पुरते, आणि वळणावर पुढची चाकं गाडीला ज्या दिशेला तोंड आहे तिकडेच ओढतात. नवशिक्या हातात ही गाडी अधिक सुरक्षित. वेग जास्त झाला तर ती वळणावर बाहेरच्या अंगाला सरकू लागते, ॲक्सिलरेटर सोडला की सावरते. मागच्या चाकांची गाडी मागून घसरली की तिला सावरायला सराव लागतो.

या रचनेचा दुखरा भाग आजही तोच सांधा. त्यावर अकॉर्डियनसारखा चुण्यांचा रबरी बूट असतो आणि आत ग्रीस. बूट तडकला की चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं. टायरच्या आतल्या बाजूला, रिमवर काळे शिंतोडे उडालेले दिसतात, ती पहिली खूण. मग त्या फटीतून रस्त्यावरची वाळू आणि पाणी आत जातं, गोळ्या खाचांना ओरखडू लागतात, खाचा पसरट होतात. पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूच बाहेर काढली की चाकाकडून कट-कट-कट आवाज येतो. अनुभवी मेकॅनिक तेवढ्यावर सांगतो की ॲक्सल गेला. शिंतोडे दिसल्याबरोबर बूट बदलला तर काम थोडक्यात भागतं, आवाज यायची वाट पाहिली तर सगळा सांधा बदलावा लागतो. सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली असताना चारही बूट डोळ्यांनी बघायला सांगा, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत असतो.

पुण्यात या मांडणीच्या दोन टोकांच्या गाड्या आखल्या गेल्या. १९९८ मध्ये टाटांनी इंडिका लोकांसमोर ठेवली. तिचं रूप तूरिनच्या एका डिझाइन संस्थेबरोबर घडवलेलं, इंजिन आडवं, चाकं पुढची. ट्रकच्या परंपरेतून आलेल्या टाटांसाठी ही पूर्णपणे नवी पद्धत होती. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, नॅनो आली आणि तिने दिशा उलटवली. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना. पुढच्या चाकांवर फक्त वळण्याचं काम उरलं, त्यामुळे ४५ अंश वाकणारे महागडे सांधे लागले नाहीत, चाकं जास्त वळू शकली आणि गाडी अवघ्या चार मीटरच्या त्रिज्येत फिरायची. लाखाच्या घरातली गाडी करायची तर हा विचार अगदी पटण्यासारखा. पण मागचा भाग इंजिनाने अडवला की सामानाचं काय होतं तेही तिथेच दिसलं. सुरुवातीच्या नॅनोला मागचं दार उघडत नव्हतं, पिशवी ठेवायची तर मागची सीट आडवी करून आतून. उघडणारं दार २०१५ मध्ये आलं.

विजेच्या गाड्यांनी हा हिशोब पुन्हा मांडायला घेतला आहे. मोटर टरबुजाएवढी, गिअर एकच, बॅटरी तळाखाली सपाट पसरलेली. इंजिन मावत नाही म्हणून जन्मलेली रचना इंजिनच नसल्यावर हवी कशाला? फोक्सवॅगनने २०२० मध्ये आयडी.३ ही गाडी मागच्या चाकांवर आणली, आणि तिचं वळण गोल्फपेक्षा लहान झालं, कारण पुढची चाकं सांध्यांच्या बंधनातून सुटली. पण कंपनी तिच्याहून छोट्या आणि स्वस्त गाडीकडे वळली तेव्हा अभियंत्यांनी मोटर पुन्हा पुढे नेली. मार्च २०२३ मध्ये दाखवलेल्या आयडी.२ऑल या नमुन्यात ओढ पुढच्या चाकांना आहे. ही गाडी आयडी.३ पेक्षा २० सेंटिमीटर आखूड. आयडी.३ च्या डिकीत ३८५ लिटर जागा आहे, हिच्यात ४९०.